शंभराला दोनचा ढाळ

११ सप्टेंबर

ग्युरी,

हे पत्र गाडी लावण्याच्या जागेबद्दल आहे. आपल्यात जे झालं त्याबद्दल नाही, तेव्हा निदान पहिलं पान वाचायला हरकत नसावी.

या वर्षी छुसकच्या, सुगीच्या सणाला यायचं तुझ्या मनात असेल तर येऊ नकोस. तू येणार आहेस असं मी धरून चाललेलो नाही. लागोपाठ तीन सण तू आलेली नाहीस. पण समज, आलंच मनात, तर सोक्चोहून सहा-सात तास गाडी हाकत मासानला यायचं आणि इथे पोचल्यावर जागा नाही म्हणून टेकडीभोवती चकरा मारायच्या, असं व्हायला नको. वसाहतीच्या सगळ्या आवाराचं नव्याने डांबरीकरण सुरू होतंय. आधी पुढचं आवार, सणानंतर मागचं.

फोनवर पाठवलेल्या संदेशाशेजारचा न वाचल्याचा एकचा आकडा तीन वर्षं तसाच आहे, म्हणून कागदावर लिहितोय. पत्ता तुझ्या आत्याने दिला. तिला बोल लावू नकोस. मीच तिच्या मागे भुणभुण लावली होती.

मी अजून १०३ क्रमांकाच्या इमारतीचा प्रतिनिधी आहे. आधीचा सचिव पुसानला राहायला गेला, तेव्हा सचिवपदही माझ्याच गळ्यात पडलं. घरं चारशे दहा आणि गाड्यांच्या जागा दोनशे नव्वद. सव्वीस वर्षांपूर्वी ज्याने नकाशा काढला त्याला वाटलं असणार की निम्मी माणसं जन्मभर बसनेच जातील. एकतीस वर्षं पालिकेच्या पाणीपुरवठ्यात ढाळ मोजण्यात गेल्यामुळे कंत्राटदाराचे नकाशे माझ्याकडेच आले आणि मी ते दोनदा परत पाठवले. १०३ समोरचा खळगा तुला आठवत असेल, पावसात जिथे घोट्याइतकं पाणी साचायचं. तो भरून घेतोय आणि कचरा वेगळा करण्याच्या शेडच्या दिशेने शंभराला दोनचा ढाळ देतोय. कंत्राटदार म्हणाला एक पुरे. मी म्हणालो दोन. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो.

तब्येत ठीक आहे. दात एक काढला.

बाबा


२६ सप्टेंबर

ग्युरी,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, आणि आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

पुढचं आवार उखडल्यापासून वसाहतीतल्या माणसांचे मूळ स्वभाव कळायला लागलेत. शाळेने संध्याकाळी सहानंतर मैदान दिलं, सकाळी सातच्या आत गाड्या काढायच्या या अटीवर. पावणेसातला तिथे जी पळापळ होते ती बघायला शाळेचा रखवालदार खुर्ची टाकून बसतो. चर्चच्या पाद्र्यांनीही जागा देऊ केली. मी त्यांना सांगितलं की मी देवळात जाणारा माणूस आहे, बुद्धाला नमस्कार करणारा. ते म्हणाले, "गाडीला कुठला आलाय धर्म? रविवारी आठच्या आत काढा म्हणजे झालं." रविवारी मी साडेसातला गेलो तर फाटकात कॉफीचा पेला हातात दिला आणि बायबलची एक छोटी प्रत. दोन्ही घेतलं.

तळमजल्यावरच्या आजींनी नव्या डांबरावर लाल मिरच्या वाळत घातल्या. डांबर थंड होऊन दोन दिवस झाले होते, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. तीन गाड्यांच्या जागा अडवून चटया पसरलेल्या. मी खाली जाऊन म्हणालो, आजी, ही गाड्यांची जागा आहे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे गाडी नाही बाबा. जागा तरी वापरू दे." शेवटी आमच्या रखवालदाराने त्यांच्या चटया छतावर नेऊन दिल्या.

त्या रखवालदाराला तू पाहिलेलं नाहीस, तो तुझ्यानंतर आला. ब्योन त्याचं नाव, वय सहासष्ट. आधी गोदीत जहाजांना वेल्डिंग करायचा. त्याला वसाहतीतली प्रत्येक गाडी ठाऊक आहे. इथली पद्धत तुला माहीतच आहे: जागा नसली की लावलेल्या गाड्यांच्या पाठीमागे आडवी गाडी लावायची, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक काढलेला, चाकं सरळ, काचेत फोन नंबर. ज्याला बाहेर पडायचं असेल तो ती ढकलून वाट काढतो. हल्ली सकाळी निम्म्या गाड्या ब्योनच ढकलतो. करारात ते काम नाही. रखवालदारांना असली कामं सांगू नयेत असा नियमही आलाय आणि तो कार्यालयाच्या भिंतीवर लावलाय. त्याच भिंतीखाली उभं राहून लोक त्याला हाक मारतात. मीही मारतो.

त्याचा करार तीन तीन महिन्यांचा असतो. नावांची यादी सचिवाच्या शिक्क्याने पुढे जाते, म्हणजे माझ्या.

बाबा


९ ऑक्टोबर

ग्युरी,

सण झाला. पितरांच्या पूजेचं ताट मी मांडलं. मासे करपले, बाकी सगळं दुकानातून आणलं. तुझी आत्या दुपारी आली आणि ताट उलटं मांडलंय म्हणाली. तुझ्या आईने हरकत घेतली नसती, असं मी म्हणणार होतो, म्हणालो नाही.

पुढचं आवार पूर्ण झालं. काम चांगलं आहे, मी स्वतः पातळी लावून तपासलं. आता मागचं उखडलंय, त्यामुळे सगळ्या गाड्या पुढे आल्यात आणि आडव्या गाड्यांची रांग १०३ पासून १०५ पर्यंत गेली आहे.

यात एक गोष्ट आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. सव्वीस वर्षं लोक १०३ समोर गाडी न्यूट्रलला सोडून बिनधास्त घरी जायचे, कारण तो खळगा गाडी धरून ठेवायचा. खळगा गेला. परवा ब्योनने एक गाडी आपोआप हातभर सरकताना पाहिली. त्याने कंत्राटदाराच्या उरलेल्या लाकडाचे ठोकळे कापले, चाकाखाली लावायला, आणि ते घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, साहेब, सूचना तुम्ही लिहा, माझ्या अक्षराला कोण विचारतंय. मी मोठ्या अक्षरात लिहून १०३ च्या दारात लावली: आडव्या गाडीच्या चाकाखाली ठोकळा हवाच. गाडी ढकलल्यास ठोकळा परत लावावा. खाली माझं नाव आणि शिक्का.

ढाळ दोनचा केला हे चुकलं असं काही जण म्हणतात. एकचा असता तरी गाड्या सरकल्या असत्या. मी हिशोब करून पाहिलाय.

बाबा


१७ ऑक्टोबर

ग्युरी,

काल इथे अपघात झाला. तुला त्याचं काही नाही, पण सांगायला दुसरं कुणी नाही.

सातव्या मजल्यावरच्या शिम बाईंची मोठी पांढरी गाडी १०३ समोर आडवी होती. साडेनऊच्या सुमाराला ती आपोआप घरंगळत शेडपर्यंत गेली. ब्योन तिथे पाठमोरा बसून पुठ्ठ्याची खोकी मोडत होता. शेडचा लोखंडी खांब आणि गाडी यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. नडगी दोन ठिकाणी मोडली आहे. काल संध्याकाळीच शस्त्रक्रिया झाली. पाय राहील असं डॉक्टर म्हणतात, पूर्वीसारखा चालेल की नाही ते सांगत नाहीत.

चाकाखाली ठोकळा नव्हता. तो वाफ्याच्या कडेला पडलेला सापडला. शिम बाई सांगतात की त्यांनी रात्री स्वतः लावला होता, आणि त्या खोटं बोलत नसाव्यात. म्हणजे सकाळी कुणीतरी गाडी सरकवली. त्या बाजूचा कॅमेरा खांबासकट काढलेला आहे, गाड्यांच्या जागांचे पट्टे मारून झाल्यावर पुन्हा बसवणार. शिम बाईंचं म्हणणं, गाड्या ढकलतो तो ब्योन, तेव्हा दुसरं कोण असणार. ब्योनने रुग्णवाहिकेत ठेवताना सांगितलं म्हणे की या गाडीला मी हात लावलेला नाही.

मी त्या वेळी इथे नव्हतो. काल तुझ्या आईचं श्राद्ध होतं, तुला तारीख सांगायला नको. मी नऊला निघून अस्थिगृहात गेलो होतो. दुपारी आलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. डांबरावरचं रक्त धुऊन काढलं होतं आणि पाणी शेडच्या दिशेने गेलं होतं, जसं जायला हवं तसं.

तिच्या अस्थींच्या कप्प्याच्या काचेवर ताजी पांढरी फुलं लावलेली होती. चिकटपट्टीवर अजून पाणी होतं.

बाबा


२५ ऑक्टोबर

ग्युरी,

काल सगळ्या इमारतींच्या प्रतिनिधींची सभा झाली. अध्यक्ष ह्वांगबो आहेत, चष्म्याच्या दुकानाचे. तुझा कॉलेजातला चष्मा त्यांच्याकडचाच. एरवी सज्जन माणूस, पण सभा वीस मिनिटांत आटपायची त्यांना भारी हौस. त्यांनी मांडलं की रखवालदाराने कामाबाहेर जाऊन गाडी ढकलली, ठोकळा परत लावला नाही, अपघात त्याच्याच चुकीने झाला. त्याच्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटतं. फळांची टोपली पाठवावी. करार ३१ तारखेला संपतोय तो पुढे वाढवू नये. मग विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का.

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. इतिवृत्त मी लिहिलं, वाचून दाखवलं आणि शिक्का मारला.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगितलेलं नाही.

ती गाडी मी ढकलली. सोळा तारखेला सकाळी नऊला माझी गाडी काढायची होती आणि शिम बाईंची आडवी होती. काचेतल्या नंबरवर दोनदा फोन केला, उचलला नाही. मी पायाने ठोकळा बाजूला सारला, गाडी चारेक हात पुढे ढकलली, माझी काढली आणि निघालो. फाटकाशी आरशात पाहिलं तेव्हा ती उभी होती. ठोकळ्याची आठवण मला पुलावर झाली. परत फिरता आलं असतं. दहा मिनिटांचा रस्ता होता.

फिरलो नाही, कारण मला घाई होती. घाई कशाची ते लिहितो, पण हे तुझ्यावर ढकलतोय असं समजू नकोस. गेल्या वर्षी अस्थिगृहाच्या वहीत मी तुझं नाव पाहिलं होतं, सकाळी साडेनऊची वेळ घातलेली. या वर्षी त्याच्या आत पोचलो तर तू भेटशील असं मनात होतं. पोचलो नऊ चाळीसला. फुलं लागलेली होती. मग साडेअकरापर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो होतो, उगीचच.

म्हणजे ढाळ मी ठरवलेला. सूचना मी लिहिलेली. ठोकळा मी काढलेला. आणि शिक्काही माझाच. ब्योनला दोन मुली आहेत, दोघींची लग्नं झालीत. बायकोला संध्याकाळी डायलिसिसला घेऊन जातो आठवड्यातून तीनदा, म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतलेली नाही. ही माहिती कार्यालयाच्या फायलीत आहे. ती मी सभेच्या आधी वाचली होती, नंतर नाही.

बाबा


२९ ऑक्टोबर

ग्युरी,

रविवारी ह्वांगबोंच्या दुकानात गेलो आणि त्यांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग मला स्टुलावर बसवलं. नंबर तपासायच्या त्या स्टुलावर, समोर अक्षरांचा तक्ता. ते बराच वेळ बोलले. मथितार्थ असा की मिटलेली गोष्ट आहे, विम्याकडे एक हकीकत गेली आहे, नवा रखवालदार एक तारखेपासून येतोय, आणि शिम बाईंच्या तोंडाला कोण लागणार. मी म्हणालो, पण ते खरं नाही.

ते म्हणाले, "प्यो साहेब, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो. लोक काय म्हणतील ऐका. ढाळ प्यो साहेबांचा, सूचना प्यो साहेबांची आणि गाडीही प्यो साहेबांनीच सोडली. उद्या सगळं डांबर उखडा म्हणतील. तुम्हाला ते हवंय का?"

मला ते नको होतं. माझ्याबद्दल तुझं जे मत आहे त्यात भर पडेल, पण लिहितो: त्यांचं बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी ते स्वतःशी घोळवत राहिलो. वाटलं, मी तर सांगितलं, अध्यक्षांनीच नको म्हटलं. दोन्ही दिवस जेवण व्यवस्थित गेलं.

काल नाशपाती घेऊन ब्योनला भेटायला गेलो. वॉर्डात सहा खाटा. त्याचा पाय लोखंडी चौकटीत बांधून वर टांगलेला. बायको शेजारी डुलकी काढत होती. मला पाहून तो उठून बसायला धडपडला, मी नको म्हणालो. बरा आहे, डॉक्टर चांगले आहेत, जेवण अळणी असतं, असं इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगितलं. फार लांबण लावली नाही. गाडी मी ढकलली होती, ठोकळा मी काढला होता, एवढंच.

तो म्हणाला, "माहीत आहे मला."

माझ्या हातात अजून नाशपातीची पिशवी होती.

"मी १०५ च्या दारात होतो, साहेब. तुम्ही ढकलताना पाहिलं. मदतीला येणार होतो, पण तुमची झाली होती काढून."

मी विचारलं, मग ठोकळा नाही हे दिसलं नाही का.

"तेवढ्या लांबून चाकाखालचं काय दिसणार? आणि खरं सांगू, बघायला गेलोच नाही. दुसरा कुणी असता तर जाऊन बघितलं असतं. सूचना तुमच्याच अक्षरात दारावर आहे. म्हटलं, प्यो साहेब आहेत, लावला असेल. आणि पाठ करून खोकी मोडत बसलो."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी विचारलं की मग विम्याचे लोक चौकशीला आले तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत. त्याने बायकोकडे पाहिलं, ती झोपलेली आहे ना याची खात्री केली.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

त्याने चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"तुम्ही नाही म्हणाला असता, आणि चारशे घरांनी तुमचं ऐकलं असतं. नोकरी तर गेलीच असती, वर खोटारडा ठरलो असतो. त्यापेक्षा नुसती नोकरी गेलेली बरी. नाशपाती तिथे टेबलावर ठेवा साहेब, आता ड्रेसिंगला येतील."

मी ठेवल्या आणि निघालो. खाली येऊन गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही. तो म्हणाला ते बरोबर होतं. मी नाहीच म्हणालो असतो. असं कुणी माझ्याबद्दल इतक्या सहज बोलू शकतं, आणि तेही जो मला दोनच वर्षं ओळखतो, याची मला लाज वाटली. राग आला नाही. लाजच वाटली.

बाबा


६ नोव्हेंबर

ग्युरी,

३० तारखेला सकाळी अकरा वाजता मी व्यवस्थापकांच्या कार्यालयात गेलो. प्रत्येक घराच्या बैठकीत छताला जो कर्णा आहे त्याचा माइक त्यांच्या टेबलावर असतो. मी म्हणालो, पट्टे मारण्याबद्दल सूचना द्यायची आहे. सचिवाला कोण अडवणार. त्यांनी बटण दाबलं आणि चहा आणायला उठले.

काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण आधी कागदावर लिहून नेलं होतं. "मी १०३ इमारतीतला, ८०२ मधला प्यो सांगदोक. सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता शिम बाईंची गाडी मी ढकलली. चाकाखालचा ठोकळा मी काढला आणि परत लावला नाही. ब्योन यांनी त्या गाडीला हात लावलेला नाही. चोवीस तारखेच्या सभेचं इतिवृत्त चुकीचं आहे आणि ते मी लिहिलं आहे. चूक माझी आहे." कागदावर दोनदा वाचायचं असं ठरवलं होतं, एरवी आपण सूचना दोनदाच वाचतो. दुसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा व्यवस्थापक धावत आले, पण त्यांनी बटण बंद केलं नाही. नुसते उभे राहिले.

पुढचं थोडक्यात. शिम बाई त्याच दिवशी घरी आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "काका, दोन आठवडे मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. तुम्ही लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होतात." मी हो म्हणालो. त्या रडल्या आणि गेल्या. विमा कंपनीचा माणूस येऊन गेला, आता सगळी जबाबदारी माझ्याकडे येईल, येऊ दे. सभा परत बोलावली. ह्वांगबो माझ्याकडे न बघता वाचत होते. ब्योनचा करार सहा महिन्यांसाठी वाढवायचा, पाय बरा होईपर्यंत जागा त्याच्यासाठी ठेवायची, असं सात विरुद्ध चारने ठरलं. माझं मत मोजलं नाही, कारण त्याआधीच मी दोन्ही पदांचा राजीनामा दिला होता. ढाळ बदलायचा नाही असंही ठरलं. त्यावर कुणी वादही घातला नाही.

ब्योनला व्यवस्थापकांनी कळवलं. मी जाऊन सांगावं असं वाटलं होतं, पण माझं तोंड बघणं त्याच्या वाट्याला कशाला. त्याची बायको परवा कार्यालयात कागद न्यायला आली होती. मला पाहिलं आणि दुसऱ्या दाराने गेली. तो कामावर येईल तेव्हा मला नमस्कार करणार नाही असं मला वाटतं. तसं झालं तर मी रोज त्याच्यासमोरून जाईन, इतकंच.

त्या माइकसमोर बोलायला मिनिटभरही लागलं नाही. खाली उतरून घड्याळ पाहिलं तर अकरा वाजून चार मिनिटं झाली होती, आणि त्यात जिने उतरणंही आलं. तू हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे एकच वाक्य मागितलं होतंस. ते मी तुला दिलं नाही आणि वर म्हणालो की मोठ्या माणसाशी बोलायची ही पद्धत नव्हे. तू गेलीस. ते वाक्य आता लिहितो, उशीर झालाय हे माहीत असून.

तुझी आई चपलांमुळे घसरली नाही. डॉक्टरांना, तुझ्या आत्याला, शेजाऱ्यांना मी तसं सांगितलं, आणि म्हणालो की ती पहिल्यापासूनच वेंधळी. तिच्या पायात नेहमीच्याच चपला होत्या. त्या सकाळी ती बाजारात गेलेली असताना मी स्वयंपाकघराच्या जमिनीला मेण लावलं होतं. ती आली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. सांगायचं राहून गेलं. ती पडली, खुबा मोडला, पुन्हा उभी राहिली नाही. खाटेवर होती ते दीड वर्ष, मनात आणलं असतं तर रोज तिला सांगता येण्यासारखं होतं. मी तिला सूप भरवलं, कूस बदलून दिली, केस धुतले, आणि सांगितलं नाही. ती कधी कधी कुणी भेटायला आलं की हसून म्हणायची, माझंच लक्ष नव्हतं. तेव्हाही मी गप्प होतो. चूक माझी होती, ग्युरी.

तुला मेणाचं कळलं ते डबा पाहून, हे मला माहीत आहे. मला एवढंच माहीत नाही की तू तिला सांगितलं होतंस का. ती "माझंच लक्ष नव्हतं" म्हणायची ते तिला तसं वाटायचं म्हणून, की मला वाचवायला, हे मी आता कुणालाच विचारू शकत नाही. तुम्ही दोघी दार लावून तासन् तास बोलायचात. तिला माहीत होतं का, ते मला कळव. नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी पुरे.

प्यो सांगदोक